उकडलेल्या मटकीनं पाणी वर ओढलं: अकरावीच्या श्वसनाच्या प्रॅक्टिकलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहरातल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. हे प्रकरण तिथल्या अकरावीच्या एका बॅचचं आहे. मुलं बावीस, महिना ऑगस्टचा, बाहेर पावसाची झड. मुलांची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. घडलं ते मात्र जसंच्या तसं देते आहे, कारण त्यातला चुकलेला भागच सगळ्यात कामाचा आहे.

प्रॅक्टिकल होतं अंकुरणाऱ्या बियांच्या श्वसनाचं. मांडणी बहुतेकांनी पाहिलेली असते. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये मोड आलेल्या बिया ठेवायच्या, आत दोऱ्यानं एक छोटी परीक्षानळी टांगायची आणि तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालायचं. रबरी बुचातून वाकवलेली काचेची नळी बाहेर काढून तिचं टोक रंगीत पाण्याच्या बीकरमध्ये बुडवायचं. बिया ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो कार्बन डायऑक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइड शोषून घेतं, आतली हवा कमी होते आणि नळीत पाणी चढतं. तुलनेसाठी दुसऱ्या फ्लास्कमध्ये उकडून मारलेल्या बिया ठेवतात. तिथं पाणी जागचं हलू नये.

पुस्तकात बहुधा हरभरा किंवा वाटाणा असतो. मी मटकी घेते. कोल्हापूरच्या घरात मटकीला मोड आणणं हे मिसळीमुळे आठवड्याचं काम आहे. सकाळी फडक्याची पुरचुंडी सोडली की आतली मटकी हाताला कोमट लागते, हे मुलांना पाठ असतं. ती ऊब कुठून आली, एवढं विचारलं की पेशीश्वसन सुरू करायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूमागे सहा ऑक्सिजन आत, सहा कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि सुटलेल्या ऊर्जेचा काही भाग एटीपीत, म्हणजे पेशी ऊर्जा साठवते त्या रेणूत, साठतो, उरलेला उष्णता होऊन त्या पुरचुंडीत येतो.

अडचण

मटकी एका मुलानं घरून आणली होती, छान अर्ध्या बोटाचे मोड आलेली. दुसऱ्या फ्लास्कसाठीची मटकी प्रयोगशाळेतल्या मामांनी त्याच सकाळी उकडून, निथळून ठेवली होती. दोन्ही फ्लास्कमध्ये साधारण ५० ग्रॅम बिया घातल्या, बुचांना व्हॅसलीन लावलं, बीकरमध्ये लाल शाईचं पाणी घेतलं आणि सगळे भोवती उभे राहिले.

दोन मिनिटांत जिवंत मटकीच्या नळीतून बुडबुडे यायला लागले. पाणी चढायचं सोडून हवाच बाहेर येत होती. एकेक बुडबुडा नळीच्या टोकाशी फुगायचा, क्षणभर थांबायचा आणि सुटायचा.

"मॅडम, उलटं चाललंय की हे."

मी बूच घट्ट केलं. बुडबुडे उलट वाढले. तेवढ्यात मागच्या टेबलावरून दुसरी हाक आली, "उकडलेली मटकी श्वास घेतीया, मॅडम! बघा की!" खरंच, मेलेल्या बियांच्या नळीत लाल पाणी चढत होतं. वीस मिनिटांत ७ सेंमी चढलं. जिवंत बियांच्या नळीत बुडबुडे थांबल्यावर तास संपेपर्यंत जेमतेम अर्धा सेंमी.

त्या वेळी मी केलं ते लिहायलाच हवं. "आज साधनात दोष आहे, अपेक्षित निरीक्षण फळ्यावर देते," असं म्हणून मी पुस्तकातलं वाक्य फळ्यावर लिहिलं. तास संपला होता आणि पुढची बॅच दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी जर्नलं तपासायला आली. बावीसपैकी एकवीस जर्नलांत 'जिवंत बियांच्या नळीत पाण्याची पातळी वाढली, मृत बियांच्या नळीत बदल झाला नाही' असं स्वच्छ अक्षरात होतं. दोघांनी आकडाही घातला होता, ४ सेंमी. हा आकडा त्या खोलीत कुणीच पाहिलेला नव्हता. तो मागच्या वर्षीच्या जर्नलांतून उतरला होता, हे नंतर कळलं. बाविसाव्या जर्नलात तीन वाक्यं होती: 'जिवंत बियांच्या नळीतून बुडबुडे आले. उकडलेल्या बियांच्या नळीत पाणी चढले. कारण समजले नाही.' ते जर्नल करवीर तालुक्यातल्या एका गावातून रोज केएमटीच्या बसनं येणाऱ्या मुलीचं होतं. वर्गात ती फारशी बोलत नसे.

लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले. एकवीस जणांनी मी सांगितलं तेच लिहिलं होतं. त्यांना चूक म्हणायचं तर आधी फळ्यावरचं माझं वाक्य चूक म्हणावं लागत होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सह्या करून पुढं जाण्याचा. याआधी मी अशा जर्नलांवर सह्या केलेल्या आहेत आणि त्यामागे आळसच असतो असं नाही. पोर्शन असतो, बॅचेस असतात, एका प्रॅक्टिकलला एकच तास मिळतो. विभागातल्या ज्येष्ठ सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "परीक्षेत बुडबुडे लिहून मुलांना मार्क मिळणार नाहीत. पुस्तकातलं येतंय ना, मग झालं." त्यांची काळजी खोटी नव्हती. मार्कांसाठी मुलांना पुस्तकातलं निरीक्षण यायलाच हवं होतं.

दुसरा, व्हिडिओ दाखवण्याचा. व्हिडिओत प्रयोग नेहमी यशस्वी होतो. नेमक्या त्याच कारणानं तो मला नको होता.

तिसरा, चुन्याच्या निवळीवर भागवण्याचा. बियांची हवा निवळीतून सोडली की ती दुधाळ होते, काम दहा मिनिटांचं आणि हमखास. पण त्यातून कार्बन डायऑक्साइड आला एवढंच कळतं. किती आला, ऑक्सिजन किती गेला, हे कळत नाही. आणि आमच्यासमोर उभ्या राहिलेल्या प्रश्नाला तर ते उत्तरच नव्हतं.

चौथा, सेन्सर घेण्याचा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं शाळेसाठीचं उपकरण मिळतं, पण किंमत हजारांत जाते, आणि खरेदीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत वर्ष संपलं असतं.

पाचवा, त्याच फ्लास्ककडे परत जाऊन ते असं का वागले हे शोधण्याचा. यात दोन-तीन तास जाणार होते आणि कारण सापडेलच याची खात्री नव्हती.

मी पाचवा घेतला. ठरवताना शिक्षणशास्त्राचा फार विचार केला असं म्हणणार नाही. त्या मुलीचं 'कारण समजले नाही' हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं आणि त्याखाली मला सही करायची होती. तिला उत्तर न देता सही करणं बरं वाटेना.

काय केलं

सुरुवात मी जर्नलं परत देण्यापासून केली. सांगितलं, "फळ्यावर मी लिहिलं ते निरीक्षण नव्हतं, तो पुस्तकातला निष्कर्ष होता. तो तसा लिहायला सांगितला ही माझी चूक. आता आपण पाहिलं ते लिहू आणि असं का झालं ते शोधू." वर्ग गप्प झाला. मग एकानं विचारलं, "मार्क कापणार काय, मॅडम?" नाही कापणार, म्हटलं. त्यानंतरच मुलं बोलायला लागली.

संशयितांची यादी मुलांनीच केली. बूच गळत असेल. बिया खराब असतील. रसायन जुनं असेल. मग मटकी आणणारा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, मटकी फ्रीजमधली होती. आईनं रविवारीच मोड आणून ठेवलेली." त्याच दमात मामा म्हणाले, "आणि उकडलेली अजून कोमट होती, बाई. गडबडीत भरली तशीच."

तिथून गाठ सुटायला लागली. थंडगार मटकी खोलीच्या तापमानाला आली, सोबतची हवा गरम होऊन फुगली आणि बुडबुडे होऊन निघाली. उकडलेली मटकी निवत गेली, आतली हवा आकसली आणि तिनं पाणी वर ओढलं. श्वसनाचा यात काही संबंधच नव्हता. आम्ही तासभर थर्मामीटरकडे पाहत होतो आणि त्याला श्वसनमापक म्हणत होतो.

पण एवढ्याशा फरकानं ७ सेंमी? पदार्थविज्ञानाच्या सरांना बोलावून फळ्यावर हिशेब मांडला. फ्लास्कमध्ये हवा सुमारे २०० मिली. २७ अंश सेल्सिअस म्हणजे निरपेक्ष मापात ३००. तापमान एका अंशानं बदललं की हवेचं आकारमान तीनशेवा भाग बदलतं, म्हणजे ०.६७ मिली. नळीचा आतला व्यास ४ मिमी, छेदाचं क्षेत्रफळ १२.६ चौरस मिमी. नळी आडवी असती तर पाणी ५ सेंमीहून जास्त सरकलं असतं. उभ्या नळीत चढलेल्या पाण्याचं वजनही आतल्या हवेला पेलावं लागतं, त्यामुळे ते सुमारे २ सेंमीवर येतं. ओल्या बियांमुळे आत वाफ असते, तीही तापमानाबरोबर कमीजास्त होते, ती धरली तर अंशामागे तीनेक सेंमी. म्हणजे मटकी तीन अंशांनी निवली असेल तरी ७ सेंमी सहज. हे गणित मांडेपर्यंत 'तापमान स्थिर ठेवा' ही सूचना मुलांना जर्नलाच्या तळाशी छापलेली शोभेची ओळ वाटत होती. खरं सांगायचं तर तिचं वजन मीही कधी आकड्यात करून पाहिलं नव्हतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला दोन्ही मटक्या तासभर आधी बाहेर काढून ठेवल्या, दोन्हींचं तापमान मोजलं आणि फ्लास्क पाण्याच्या घमेल्यात ठेवले. उकडलेल्या बियांच्या नळीत पाणी हललं नाही. टाळ्या पडल्या. पण जिवंत बियांच्या नळीतही ते हललं नाही.

हा क्षण मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण सापडलं या समाधानात आम्ही इथंच थांबू शकलो असतो, पण सापडलं होतं ते अर्धंच. त्याच मुलीनं विचारलं, "बिया ऑक्सिजन घेत असतील आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड आत साचत असेल तर पाणी कसं हलणार?" बरोबर होतं. पिष्टमय साठ्यावर जगणाऱ्या बिया जेवढा ऑक्सिजन घेतात जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो शोषणारं काही नसेल तर बेरीज-वजाबाकी शून्य. म्हणजे आता संशय पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर.

मामांनी कपाटातली बाटली आणली. झाकणाखाली पांढरी खपली धरलेली, आतले दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले. त्यातला हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्यानं काढून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. फसफसून बुडबुडे आले. चांगल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं आम्ल तापलं असतं, फसफसलं नसतं. फसफस म्हणजे कार्बोनेट. ही बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पिऊन केव्हाच तृप्त झालेली होती, आमच्या मटकीचा तिला नको होता.

नवी बाटली आणली. परीक्षानळीत फिल्टर पेपरची घडी वातीसारखी उभी केली, म्हणजे द्रावणाचा पृष्ठभाग वाढतो. वीस मिनिटांत जिवंत बियांच्या नळीत पाणी ९ सेंमी चढलं आणि उकडलेल्यांच्या नळीत जागेवर राहिलं. लाल रेघ काचेतून वर सरकताना सगळ्यांनी पाहिली. त्या दिवशी 'पाणी चढले' हे वाक्य कुणाला सांगावं लागलं नाही.

इथं आणखी एक निर्णय होता. पुस्तकाशी जुळलं, आता थांबायचं का? मला पुढं जावंसं वाटलं, कारण उभ्या नळीत सेंमी मिळतात आणि मला मुलांच्या हाती मिलीलीटर द्यायचे होते. मेडिकलमधून २० मिलीच्या सिरिंजा आणल्या, सुई काढून टाकली आणि टोकाला रबरी नळीच्या तुकड्यानं १ मिलीचं काचेचं पिपेट, म्हणजे मापाच्या खुणा असलेली बारीक नळी, जोडलं. त्यावर ०.०१ मिलीच्या खुणा असतात. सिरिंजच्या तळाशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस, त्यावर कोरड्या कापसाचा थर, मग ५ ग्रॅम बिया. पिपेटच्या टोकात लाल शाईचा एक थेंब. दट्ट्या जरा पुढंमागं केला की थेंब हव्या त्या खुणेवर आणता येतो. सिरिंज पाण्याच्या टबात आणि पिपेट टबाच्या काठावर आडवं, म्हणजे वजनाचा प्रश्नच मिटला. द्रावण कापसावर घालायचं काम मुलांना दिलं नाही. ते मी आणि मामांनी हातमोजे आणि चष्मा घालून केलं. हे रसायन कातडी जाळतं आणि डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते.

प्रत्येक गटाला आणखी एक सिरिंज दिली, बियांच्या जागी तेवढ्याच आकारमानाचे काचेचे मणी घातलेली. खोली तापली किंवा निवली तर मण्यांचा थेंबही सरकणार. तेवढं सरकणं बियांच्या रीडिंगमधून वजा करायचं. पेशीश्वसनाच्या अभ्यासात ऑटो वॉरबुर्ग यांचं जे दाबमापक वर्षानुवर्षं वापरलं गेलं, त्यातही फक्त पाणी भरलेलं एक भांडं नुसतं तापमान आणि हवेचा दाब यांची नोंद ठेवायला लावत असत. वॉरबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे शिकलेल्या हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये पेशीश्वसनातल्या रासायनिक क्रियांचं जे चक्र मांडलं, ते मुलं आकृतीसकट पाठ करतात. त्यामागेही अशीच रीडिंग आणि अशीच वजाबाकी होती, हे सांगितल्यावर एका गटानं मण्यांच्या सिरिंजवर चिकटपट्टी लावून 'वॉरबुर्ग' असं लिहून टाकलं.

निष्पत्ती

२५ अंशांच्या पाण्यात, २० मिनिटांत, मण्यांचं रीडिंग वजा केल्यावर चार गटांना मोड आलेल्या मटकीसाठी ०.६१, ०.६६, ०.४८ आणि ०.०५ मिली ऑक्सिजन मिळाला. शेवटच्या गटाला वाटलं आपलं चुकलं, आणि ते आकडा खोडायला निघाले. खोडू दिला नाही. सिरिंज उघडली तर तळच्या मटकीचे मोड पिवळट, पिचपिचीत झालेले. कापूस जास्त भिजला होता आणि द्रावण कोरडा थर ओलांडून बियांपर्यंत गेलं होतं. बिया मेल्या होत्या आणि थेंबानं ते बरोबर सांगितलं होतं. त्यांच्या जर्नलात आकडा ०.०५ च राहिला, शेजारी कारण आलं.

मग एका गटानं मोड आलेले शेंगदाणे घेतले. कोल्हापूर जिल्ह्यात भुईमूग ओळखीचा, पण मोड आलेले शेंगदाणे मुलांनी पहिल्यांदाच पाहिले. इथं दोनदा मोजलं: एकदा पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून आणि एकदा त्याच्या जागी साधं पाणी घालून. पहिल्यात घेतलेला सगळा ऑक्सिजन कळतो, दुसऱ्यात ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांतला फरक. मटकीत दुसरं रीडिंग ०.०२ होतं, म्हणजे थेंब जवळजवळ स्थिर. शेंगदाण्यात पहिलं ०.५२ आणि दुसरं ०.१४. म्हणजे कार्बन डायऑक्साइड ०.३८ आणि श्वसन गुणांक, म्हणजे सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन, ०.७३. मटकीचा ०.९७. कर्बोदकांचा गुणांक १ आणि मेदाचा ०.७ च्या आसपास, हे पुस्तकात एका ओळीत आहे. मेदाच्या रेणूत ऑक्सिजन मुळातच कमी, म्हणून तो जाळायला बाहेरून जास्त लागतो. घाण्यावर शेंगदाण्याचं तेल निघतं आणि मटकीचं निघत नाही, ही घरची गोष्ट पिपेटवरच्या थेंबात दिसली. दोन्ही आकडे इतके जवळ येण्यात थोडं नशीबही होतं. दुसऱ्या दिवशी त्याच मांडणीनं शेंगदाण्याचा ०.८२ आला आणि तोही आम्ही लिहिला.

सगळ्यात लांबलेली चर्चा कोरड्या मटकीवर झाली. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेली कोरडी मटकी सिरिंजमध्ये घातली, थेंब मण्यांच्या थेंबाइतकाच सरकला. वजाबाकी शून्य. बहुतेकांनी लिहिलं, 'कोरड्या बियांमध्ये श्वसन होत नाही.' ती मुलगी अडून बसली. "मॅडम, श्वसन नाही म्हणजे मेलंय. मग घरात ठेवलेलं बी जूनमध्ये पेरल्यावर उगवतं कसं?" कुणीतरी म्हणालं, पाणी मिळाल्यावर जिवंत होतं. ती म्हणाली, "मेलेलं जिवंत होत नाही. उकडलेल्या मटकीला पाणी घालून बघ."

मी लगेच उत्तर दिलं नाही. पिपेटवरची सगळ्यात लहान खूण किती, असं विचारलं. ०.०१ मिली. वीस मिनिटांत त्याच्याही खाली काही घडत असेल तर? कोरड्या बीत पाणी अगदी थोडं असतं आणि चयापचय अतिशय संथ चालतो. शेवटी वर्गानं वाक्य बदललं: 'कोरड्या बियांचे श्वसन आमच्या साधनाला २० मिनिटांत दिसले नाही.' मग शेतकऱ्यांची मुलं बोलायला लागली. ओलं सोयाबीन ढिगात ठेवलं तर आतून तापतं, हात घातला की चटका बसतो, तसं बी नंतर उगवत नाही. ढिगातली ती ऊब आणि फडक्यातल्या मटकीची ऊब यांची सांगड त्यांनीच घातली. ढिगात बुरशीही असते, तीही श्वसन करते, एवढी भर मी घातली.

परीक्षेचं काय, हा ज्येष्ठ सरांचा प्रश्न उरला होता. त्यासाठी जर्नलात दोन रकाने केले: 'अपेक्षित' आणि 'आम्ही पाहिलेले'. दोन्ही भरायचे आणि फरक असेल तर खाली कारण किंवा 'कारण समजले नाही'. सरांनी त्यांच्या एका बॅचला हे रकाने लावून पाहिले. दुसऱ्या बॅचला लावले नाहीत, आणि वेळ पुरत नाही हे त्यांचं म्हणणं मला आजही मान्य आहे. या सगळ्यात माझे एकूण चार तास गेले आणि वर्गीकरणाचं एक प्रॅक्टिकल घाईत उरकावं लागलं. त्याची किंमत मुलांनी सहामाहीत मोजली, तिथं त्या भागाची उत्तरं कच्ची होती.

पुन्हा करायचं तर

पहिल्या दिवशी बुडबुडे दिसताच मी बूच आवळलं. तिथं हात आवरायला हवा होता. मुलांना दोन मिनिटं नुसतं पाहू दिलं असतं तर फ्रीजची गोष्ट तेव्हाच बाहेर आली असती. ती गोष्ट मुलाला ठाऊक होती, कोमट मटकीची मामांना. विचारलं नाही ते मी.

बाटली तपासणं ही प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आता प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख असते आणि आम्लात एक दाणा टाकून पाहण्याची जबाबदारी दर वर्षी दोन मुलांकडे असते.

फ्लास्क मी सोडलेला नाही. पुढच्या वर्षी सरळ सिरिंजनं सुरुवात करावी असं वाटलं होतं, पण नीट चालणाऱ्या सिरिंजसमोर तापमानाचा प्रश्न कुणाला पडणार नाही. म्हणून आता एका फ्लास्कमध्ये मुद्दाम कोमट मणी घालते आणि पाणी चढलं की मुलांना विचारते, मणी श्वास घेतात का? हे बरोबर आहे का, याबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत. आपल्याला फसवलं, असं एका मुलाला वाटलं होतं. त्यामुळे तास संपायच्या आत सगळं उघड करते.

उकडलेल्या बियांऐवजी मणीच वापरावेत, या मतावर मात्र मी ठाम आहे. एका गटानं उकडलेली मटकी दोन दिवस तशीच ठेवून मोजली तर थेंब चांगलाच सरकला. झाकण उघडताच वासानं कारण सांगितलं: बिया मेलेल्याच होत्या, त्यांच्यावर जीवाणू वाढले होते आणि श्वसन त्यांचं चाललं होतं. उकडलेल्या बिया वापरायच्याच असतील तर त्याच दिवशीच्या, पूर्ण निवलेल्या आणि जंतुनाशकात बुडवून काढलेल्या हव्यात.

मे महिन्यात त्या मुलीचा फोन आला. वडिलांनी घरचं सोयाबीन बियाण्यासाठी राखलं होतं आणि तिनं ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासली होती. चौसष्ट उगवले. घरच्या बियाण्याची उगवण निदान ७० टक्के हवी असं कृषी विभाग सांगतो, म्हणून वडील पेरणीला बियाणं वाढवून घेणार होते. तिला ते सोयाबीन सिरिंजमध्ये घालून पाहायचं होतं. कॉलेज बंद होतं, मामांनी प्रयोगशाळा उघडून दिली. रात्रभर भिजवलेलं घरचं बी आणि शेजाऱ्याकडून आणलेलं चांगल्या उगवणीचं बी, प्रत्येकी ५ ग्रॅम, आणि मण्यांची सिरिंज तिसरी. घरच्या बीचा थेंब हळू सरकला, शेजाऱ्याच्या बीचा जास्त. तिनं दोन्ही आकडे वहीत उतरवले, शेजारी पाण्याचं तापमान लिहिलं आणि त्याखाली लिहिलं: 'एकदाच केले आहे.'